पावसात बाहेर काढता येईल असा कॅमेरा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"पुढच्या हंगामात मी तीन आठवड्यांच्या प्रवासाला निघत आहे. पहिले दोन आठवडे दाट, ओल्या जंगलातून आणि उंच डोंगरवाटांनी पायी जायचे आहे, तर शेवटचा आठवडा लहान होडीतून समुद्राच्या कडेकडेने. पाऊस रोजचाच असेल आणि उंचावर रात्री पाणी गोठेल इतकी थंडी असेल. मागच्या अशाच प्रवासात मोठ्या सेन्सरचा एक चांगला छोटा कॅमेरा नेला होता, पण तो बहुतेक वेळ पिशवीत गुंडाळूनच राहिला आणि सातव्या दिवशी त्याच्या लेन्सच्या आत वाफ धरली. भाऊ म्हणतो, फोन पुरे आहे. काही जण म्हणतात, वॉटरप्रूफ कॅमेरा घ्या. आणि जाणकार म्हणतात, त्या कॅमेऱ्यांचे फोटो फोनपेक्षा काही चांगले येत नाहीत. खिशात मावेल, ओल्या हातांनी चालवता येईल आणि परतल्यावर फोटो पाहताना हळहळ वाटणार नाही, असा कोणता कॅमेरा घ्यावा?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले "बहुतेक वेळ पिशवीत गुंडाळूनच राहिला" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. आपला मागचा कॅमेरा वाईट नव्हता. उलट तो इतका चांगला आणि इतका नाजूक होता की पाऊस सुरू झाला की आपण तो आत ठेवत होता आणि उघडीप मिळाली की बाहेर काढत होता. ज्या प्रवासाचा स्वभावच पावसाचा आहे, त्या प्रवासाचे फोटो मग उघडिपीचेच येणार. म्हणून या वेळी कॅमेरा निवडताना मी पहिला प्रश्न सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपून चित्र घडवणाऱ्या आतल्या चकतीचा) किंवा झूमचा विचारणार नाही. पावसाची सर आली असताना हा कॅमेरा आपल्या हातात असेल की पिशवीत, हा माझा पहिला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर "हातात" असे हवे असेल, तर पूर्णपणे जलरोधक, पडला तरी टिकणारा आणि ज्याची लेन्स बाहेर येत नाही असा कॅमेरा घ्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. या प्रकारात मी आज ओएम सिस्टिमचा (पूर्वीचे ऑलिंपस) टफ टीजी-७ निवडेन. तो २०२३ मध्ये आला आणि त्याआधीच्या ऑलिंपस टीजी-६ शी त्याचे बरेचसे साम्य आहे. कंपनीच्या म्हणण्यानुसार तो १५ मीटर खोलीपर्यंत पाण्यात चालतो, २.१ मीटर उंचीवरून पडलेला सोसतो, १०० किलोचा दाब सहन करतो आणि उणे १० अंश सेल्सियसपर्यंत काम करतो. मात्र या आकड्यांपेक्षाही दुसऱ्या दोन गोष्टींसाठी मी तो सुचवते. त्याच्या लेन्सचे तोंड रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/२ इतके उघडते (हा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे), त्यामुळे झाडीतल्या अंधूक उजेडात ती बरीच कामाला येते. आणि त्यात 'रॉ' स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेला कच्चा फोटो साठवता येतो, त्यामुळे घरी आल्यावर अंधारलेले भाग उजळायला आणि रंग सावरायला जागा राहते. पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-८ (२० मीटर) हा त्याच प्रकारातला दुसरा पर्याय आहे. तोही हाताळून पाहावा आणि ज्याची बटणे आपल्या बोटांना सोयीची वाटतील तो घ्यावा. निकॉनचा डब्ल्यू३०० (३० मीटर) आणि पॅनासॉनिकचा एफटी७ (३१ मीटर) या आधीच्या पिढीतल्या कॅमेऱ्यांची खोलीची मर्यादा अधिक आहे, पण आपण खोल पाण्यात बुडी मारायला निघालेले नाही, त्यामुळे त्या जास्तीच्या मीटरांसाठी अडून राहू नये.

आता हे आकडे नेमके काय सांगतात, ते समजून घ्या, कारण खोक्यावरचा आकडा वाचून निर्धास्त झालेल्या माणसाचाच कॅमेरा लवकर बुडतो. यंत्राच्या कवचाला धूळ आणि पाणी यांपासून किती संरक्षण आहे, हे सांगणारे 'आयपी' मानांकन आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकावरून येते. 'आयपी' या अक्षरांनंतरचा पहिला अंक धुळीसारख्या घन कणांचा आणि दुसरा पाण्याचा असतो. ज्या बाबतीत मानांकन दिलेले नाही तिथे 'एक्स' लिहितात. दुसरा अंक ४ असेल तर कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे चालतात. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि ८ म्हणजे ७ पेक्षा कडक, पण नेमकी खोली आणि वेळ उत्पादकाने स्वतः ठरवून जाहीर केलेली. त्यामुळे दोन वेगळ्या वस्तूंवर '८' लिहिलेले असले, तरी त्यांची क्षमता सारखी असेलच असे नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की ७ आणि ८ हे अंक स्थिर पाण्यात बुडण्याचे आहेत; जोराच्या फवाऱ्याची चाचणी ५ आणि ६ या अंकांची असते आणि ती वेगळी घेतली जाते. नुसते '८' मिळवलेल्या वस्तूने '६' ची परीक्षा दिलेली असतेच असे नव्हे. धबधब्याच्या धारेखाली कॅमेरा धरणे, नळाच्या जोराच्या धारेने तो धुणे किंवा हातात घेऊन उंचावरून पाण्यात उडी मारणे या गोष्टी, खोली अवघी हातभर असली, तरी म्हणूनच टाळाव्यात. पाणी आपटताना क्षणभर जो दाब पडतो, तो त्या खोलीच्या स्थिर पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो.

शिवाय या चाचण्या नव्या कोऱ्या नगावर, स्वच्छ गोड्या पाण्यात होतात. साबणाचे पाणी, गरम पाण्याचे झरे, वाळू मिसळलेले लाटांचे पाणी यांचा त्यात विचार नसतो. कॅमेरा आपटल्यानंतर त्याची जलरोधकता पूर्वीसारखीच राहील, अशी हमीही नसते. 'धक्का सोसतो' आणि 'पाणी सोसतो' ही दोन वेगवेगळी वचने आहेत, आणि पहिले खर्ची पडले की दुसऱ्याची पुन्हा तपासणी करावी लागते. ती कशी करायची, ते पुढे सांगते.

खोक्यावर आणखी एक शब्दप्रयोग दिसतो, 'वेदर रेझिस्टंट' किंवा 'वेदर सील्ड', आणि त्याने अनेकांची फसगत होते. हे मानांकन नाही. सांध्यांना रबरी पट्ट्या बसवल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. असा कॅमेरा भुरभुर पावसात, धुक्यात किंवा लाटेच्या तुषारांत चालतो, पण तो पाण्यात पडला तर त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय हे या वर्गातले उत्तम उदाहरण आहे. त्याचा सेन्सर मोठा, लेन्स सुरेख, पण लेन्सच्या पुढे वेगळी कडी आणि तिच्यावर फिल्टर बसवला तरच त्याचे हवामानापासूनचे संरक्षण पूर्ण होते. त्याशिवाय लेन्सच्या बाजूने पाणी शिरू शकते. आपल्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी, सांभाळून वापरला तर, हा कॅमेरा मला चालला असता. होडीतल्या आठवड्यासाठी मात्र मी तो देणार नाही.

आणि ज्या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स सुरू करताच नळीसारखी बाहेर येते, ते तर आपल्या प्रवासासाठी बादच समजावेत, मग त्यांचे फोटो कितीही देखणे असोत. लेन्स बाहेर येते तेव्हा कॅमेऱ्याच्या आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. लेन्स मिटते तेव्हा ती बाहेर ढकलली जाते. लोहाराचा भाता जसा श्वास घेतो, तसा हा कॅमेरा दिवसातून शंभर वेळा दमट हवेचा श्वास घेतो, आणि त्या हवेबरोबर नळीवर बसलेले थेंब आणि धूळही आत जाते. आपल्या मागच्या कॅमेऱ्याची लेन्स अशी बाहेर येणारी असेल, तर सातव्या दिवशी आत धरलेली वाफ बहुधा याच वाटेने आली असणार. टफ प्रकारच्या कॅमेऱ्यात झूमची सारी हालचाल एका बंद काचेच्या मागे, कॅमेऱ्याच्या पोटातच होते, आणि तेच त्याचे खरे बळ आहे.

आता आपले जाणकार मित्र जे म्हणतात त्याकडे वळते, कारण त्यांचे म्हणणे निराधार नाही आणि ते लपवून मी आपल्याला कॅमेरा घ्यायला सांगणार नाही. या जलरोधक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या चौपट. आणि एक्स१००व्हीआय मधला त्याहूनही तिपटीने मोठा. सेन्सर लहान म्हणजे गोळा होणारा प्रकाश कमी, आणि प्रकाश कमी म्हणजे सावलीत दाणे उठणार, पानांचे बारीक पोत पुसट होणार. भर जंगलात, ढगाळ दुपारी हा फरक दिसतो, आणि फोटो मोठ्या आकारात छापायचे असतील तर खुपतोही. पण सेन्सरचे क्षेत्रफळ हा हिशेबाचा एकच भाग आहे. सोनीचा आरएक्स०-२ हा एक इंची सेन्सरचा आणि तरीही १० मीटरपर्यंत जलरोधक असलेला चिमुकला कॅमेरा आहे, आणि कागदावर तोच आपल्या प्रश्नाचे उत्तर वाटतो. परंतु त्याची लेन्स एफ/४ ची आहे. एफ/२ ची लेन्स एफ/४ च्या चौपट प्रकाश आत सोडते, म्हणजे सेन्सरने जे चौपट कमावले ते लेन्सने गमावले. त्याला झूम नाही आणि पडदा तर इतका लहान आहे की पावसात चौकट नीट जुळवणे त्रासाचे होते. म्हणून तो मी सुचवत नाही.

लहान सेन्सरचे दुखणे वापराच्या पद्धतीने बरेच कमी करता येते. टीजी-७ च्या लेन्सचे एफ/२ हे तोंड फक्त सर्वांत रुंद कोनाला मिळते. झूम पुढे नेला की ते आक्रसत जाऊन दूरच्या टोकाला एफ/४.९ वर येते, म्हणजे प्रकाश जवळजवळ एक षष्ठांश उरतो. म्हणून उजेड कमी असेल तिथे झूम विसरून जा आणि दोन पावले पुढे जा. कॅमेरा झाडाच्या खोडाला किंवा आपल्या काठीच्या मुठीला टेकवून धरा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि फोटो रॉमध्ये साठवा. त्याउलट एका बाबतीत हा लहान सेन्सर आपल्याला मोठे दान देतो. या कॅमेऱ्याच्या मायक्रोस्कोप पद्धतीत लेन्सपासून अवघ्या एका सेंटिमीटरवर असलेल्या वस्तूवरही फोकस साधता येतो. शेवाळ्यावरचे पाण्याचे मणी, बुरशीची छत्री, पानाखाली लपलेला किडा हे ओल्या जंगलाचे खरे वैभव आहे, आणि ते टिपताना महागड्या मोठ्या कॅमेऱ्याच्या धन्यालाही आपला हेवा वाटेल.

पावसात या कॅमेऱ्यांची एक खोड मात्र पाठ सोडत नाही. पुढची काच लहान, सेन्सर लहान आणि कोन रुंद, त्यामुळे काचेवर बसलेला एकच थेंब फोटोत मोठा धूसर डाग होऊन उतरतो, आणि पावसात छोट्या पडद्यावर तो दिसतही नाही. मी गळ्यात, अंगरख्याच्या आत, एक सुती रुमाल ठेवते आणि प्रत्येक फोटोआधी काच टिपते. पुसत नाही, टिपते, कारण पुसताना काचेवरची वाळू तिच्यावर घासली जाते. फोटो घेईपर्यंत कॅमेऱ्याचे तोंड खाली धरायचे, एवढी सवय लागली तरी निम्मे फोटो वाचतात.

आपल्या भावाचे म्हणणे मी टाळणार नाही. आजचे चांगले फोन आयपी६८ मानांकनाचे असतात, आणि अंधारातले फोटो ते अनेक फ्रेम एकावर एक जुळवून असे काही सावरतात की स्थिर दृश्यात ते छोट्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला मागे टाकू शकतात. पण पावसात फोनच्या पडद्यावर थेंब पडले की तो थेंबालाच बोट समजतो, आणि साधा हातमोजा घातलेल्या बोटाला बहुधा ओळखत नाही. टफ कॅमेऱ्याला स्पर्शाचा पडदा नाही, सगळी बटणे आहेत, आणि ही उणीव नसून सोय आहे, हे आपल्याला पहिल्याच ओल्या दिवशी पटेल. फोनच्या वॉरंटीत पाण्याने झालेले नुकसान बहुधा येत नाही, मानांकन काहीही असो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोनमध्ये आपला नकाशा आहे, आपली माणसे आहेत, अडचणीत मदत मागायची सोय आहे. फोटोसाठी तो पावसात आणि होडीत पणाला लावू नये. फोन न्या, मुक्कामी पोचल्यावर रात्रीचे फोटो त्याने घ्या, पण वाटेवर तो कोरड्या पिशवीतच राहू द्या.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर खरे तर लिहायला बसले, त्याकडे येते. जलरोधक कॅमेऱ्याची जलरोधकता त्याच्या दणकट कवचात नसते. ती बॅटरीच्या आणि जोडणीच्या झाकणाच्या आत बसवलेल्या, शेवयीइतक्या जाड रबरी वेढ्यात असते. काही वर्षांपूर्वी मी होडीतून जाताना बॅटरी बदलली. पाऊस नव्हता, समुद्र शांत होता, हातही कोरडे वाटत होते. झाकण लावले, कुलपाचा 'टक्' असा आवाज ऐकला आणि थोड्या वेळाने कॅमेरा पाण्याखाली धरून खडकावरचे मासे टिपू लागले. दहाव्या की बाराव्या फोटोला पडदा काळा झाला. किनाऱ्यावर येऊन झाकण उघडले तेव्हा आतून चमचाभर पाणी निघाले, आणि रबराच्या वेढ्यावर आडवा पडलेला माझ्याच डोक्याचा एक केस दिसला. कॅमेऱ्याचा काहीही दोष नव्हता. एवढ्याशा केसाच्या दोन्ही बाजूंना जी बारीक फट राहिली होती, तीच पाण्याला पुरली.

तेव्हापासून मी जे करते ते आपणही करावे, असे मनापासून वाटते. वाटेवर झाकण उघडायचेच नाही. दिवसभराचे काम एका बॅटरीवर आणि एका मोठ्या कार्डावर भागेल अशी व्यवस्था ठेवायची. संध्याकाळी निवाऱ्यात आल्यावर आधी कॅमेरा बाहेरून पूर्ण कोरडा करायचा आणि मग झाकण खाली येईल असा धरून उघडायचा, म्हणजे फटीत दडलेला थेंब आत न जाता खाली गळतो. असा एक थेंब जवळजवळ नेहमीच असतो. मग विजेरी तिरकी धरून रबराच्या वेढ्यावरून प्रकाश फिरवायचा. सरळ प्रकाशात न दिसणारा केस, धागा किंवा वाळूचा कण तिरक्या प्रकाशात सावलीसकट दिसतो. धागे न सोडणाऱ्या कापडाने वेढा आणि तो जिथे टेकतो ती कडा, दोन्ही पुसायच्या. कापसाची काडी वापरू नये, तिचेच तंतू मागे राहतात. झाकण लावल्यावर दुसरी कळही सरकवायची. या कॅमेऱ्यांना बहुधा दुहेरी कुलूप असते आणि घाईत माणूस पहिल्यावरच थांबतो. उत्पादक हा वेढा दर वर्षी बदलून घ्यायला सांगतात. मोठ्या प्रवासाआधी तरी तो सल्ला पाळावा.

एक सूचना फारशी कुठे छापलेली दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. डास आणि जळवा यांसाठी आपण जे मलम लावाल, त्यात 'डीट' नावाचे रसायन असेल तर ते अनेक प्रकारचे प्लास्टिक विरघळवते आणि रबरी मुठी चिकट करून टाकते. उन्हापासून बचावाच्या मलमाचा तेलकटपणाही रबराला चांगला नाही. मलम लावलेल्या बोटांनी झाकण उघडू नये. आधी हात धुवावेत, वाळवावेत आणि मग कॅमेऱ्याला हात लावावा.

वाफ धरण्याचे आपले दुखणे जलरोधक कॅमेऱ्यालाही होऊ शकते, आणि त्यात पाण्याची गळती झालेली नसते. झाकण लावताना आत जी हवा कोंडली जाते, ती दमट असेल तर त्या हवेबरोबर बाष्पही कोंडले जाते. मग उबदार कॅमेरा थंडगार ओढ्यात बुडवला की पुढची काच दवबिंदूच्या खाली थंड होते आणि ते बाष्प काचेच्या आतल्या अंगावर दुधट ठिपका होऊन बसते. यावर उपाय एकच, तो म्हणजे बॅटरी बदलण्याचे काम मिळेल तितक्या कोरड्या हवेत करणे. पावसाच्या सरीनंतर वाफाळलेल्या जंगलात झाकण उघडण्यापेक्षा रात्री मुक्कामी, एखाद्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कॅमेरा झाकण उघडे ठेवून तासभर ठेवावा, आणि बाहेर काढताच झाकण लावावे. सिलिका जेल रंग बदलणारे घ्या. ओलावा शोषून ते भरले की निळ्याचे गुलाबी होते, किंवा नारिंगी प्रकारचे असेल तर हिरवट पडते, आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येते. थंड खोलीतून किंवा डोंगरमाथ्यावरून खाली दमट हवेत येताना मात्र उलटा प्रकार होतो आणि काच बाहेरून झाकोळते. तेव्हा कॅमेरा थंड जागेतच हवाबंद पिशवीत घालावा आणि तो बाहेरच्या हवेइतका उबदार झाल्यावरच पिशवी उघडावी. अर्धा तास लागतो. तेवढा धीर धरावा.

परतल्यावरही ओलावा पाठ सोडत नाही. आपला जुना कॅमेरा तसाच कपाटात ठेवला असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या लेन्समधून विजेरीचा प्रकाश आरपार टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी आहे. सतत साठ-पासष्ट टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवलेल्या काचेवर ती धरते आणि वाढली तर काचेवरचा लेप कायमचा खाते. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत कॅमेरे सुखाने राहतात.

होडीच्या आठवड्याबद्दल एवढेच सांगते की खारे पाणी वाळू देऊ नका. पाणी उडून जाते आणि मिठाचे टोकदार स्फटिक मागे राहतात, बटणांच्या फटीत बसून ती जाम करतात आणि रबराला कापतात. रोज संध्याकाळी झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याच्या भांड्यात दहाएक मिनिटे बुडवावा, पाण्यातच प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबावे, मग पुसून सावलीत वाळवावा. उन्हात किंवा गरम हवेच्या झोताखाली वाळवू नये, रबर आकसते. किनारा येईपर्यंत गोडे पाणी मिळणार नसेल, तर निदान ओल्या रुमालात गुंडाळून ठेवावा.

एवढे करूनही पाणी आत शिरलेच, तर लगेच बंद करावा, बॅटरी आणि कार्ड काढावे आणि "चालू होतो का" म्हणून बटण दाबून पाहू नये. ओल्या यंत्रातून वीज गेली की गंज काही तासांत धरतो. तांदळाच्या डब्यात पुरण्याने काही साधत नाही. उलट तांदळाची धूळ आत जाते. कार्ड मात्र बहुधा वाचते, म्हणून ते गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे आणि जपून ठेवावे.

थंडीत कॅमेऱ्याआधी बॅटरी हार मानते. टीजी-७ ची बॅटरी सामान्य तापमानात प्रमाणित मोजणीने साधारण ३३० फोटो देते, पण गोठणबिंदूच्या खाली हा आकडा बराच घसरतो. तीन बॅटऱ्या न्या आणि जादाच्या दोन अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवा. थंडीने 'संपलेली' बॅटरी उबेत आली की पुष्कळदा पुन्हा थोडे काम देते. गोठलेली बॅटरी मात्र उबेत आणल्याशिवाय चार्ज करू नये, त्याने ती कायमची बिघडते. जीपीएसची नोंद दिवसभर चालू ठेवली तर ती बॅटरी मुकाट्याने खात राहते, म्हणून गरजेपुरतीच लावावी.

वापरलेला जलरोधक कॅमेरा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. इतर कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी आनंदाने हो म्हणाले असते, पण इथे तो किती वेळा पडला आणि किती वेळा वाळूत उघडला, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. आणि नवा घ्याल तोही निघण्याच्या किमान महिनाभर आधी घ्या. घरी बादलीत गोडे पाणी भरा, बॅटरी आणि कार्ड न घालता, झाकण नीट लावून कॅमेरा अर्धा तास बुडवा आणि त्याच्याकडे पाहत बसा. सुरुवातीला बटणांच्या आणि पट्ट्याच्या खाचांतून दोन-चार बुडबुडे येतात, ते तिथे अडकलेल्या हवेचे असतात. पण एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ सुटत राहिली, तर तो नग त्याच दिवशी परत करा. वाटेत कॅमेरा दगडावर आपटला, तर हीच परीक्षा जेवणाच्या पातेल्यात घ्या, आणि ती होईपर्यंत तो पाण्याखाली नेऊ नका.

शेवटी आपण पत्राच्या तळटीपेत विचारलेला छोटा प्रश्न, पट्टा कोणता घ्यावा हा. हे सगळे कॅमेरे पाण्यात दगडासारखे बुडतात. १५ मीटरचा कॅमेरा ४० मीटर पाण्यात निसटला तर जलरोधक असूनही तो आपला राहत नाही. म्हणून मनगटाला फोमचा, नारिंगी किंवा पिवळा, तरंगणारा पट्टा बांधा. काळा दिसायला छान असतो, पण लाटांमध्ये तो सापडत नाही. बादलीत परीक्षा घ्याल तेव्हा पट्टा बांधून कॅमेरा सोडून पाहा, कारण काही पट्टे फक्त हलक्या कॅमेऱ्यांचे वजन पेलतात. तो वर येऊन तरंगला, तरच पट्टा होडीत न्या.